काटा थांबेपर्यंत

आमच्या घरात बाबांना काही विचारायचं म्हणजे पत्र टाकण्यासारखं होतं. टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. सकाळी "बाबा, चहा घेणार का?" असं विचारलं, तर चहा उकळून, गाळून, आमचा पिऊन झाल्यावर ते म्हणायचे, "अर्धा कप चालेल." आई कपाळावर हात मारायची. "यांचं म्हणजे कायमचं वरातीमागून घोडं," असं म्हणत पातेलं पुन्हा चढवायची.

ते मंद नव्हते, हे आधीच सांगून टाकते. बाबा तराजू दुरुस्त करायचे. सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक तराजू, किराणा दुकानांचे तबकडीचे काटे, आणि पुढे पुढे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक. वर घर, खाली दुकान. नाजूक तराजूसमोर तोंड उघडलं की श्वासानेसुद्धा पारडं हलतं, म्हणून कोणी काही बोललं की आधी ओठ मिटायचे, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. वजन चिमट्याने उचलून पारड्यात ठेवायचं, हात मागे घ्यायचे आणि थांबायचं. "काटा थांबल्याशिवाय वाचायचा नाही," एवढं एकच वाक्य त्यांनी आम्हा दोघा भावंडांना जन्मभर शिकवलं. दादा ते शिकला आणि दुकानात बसला. मी शिकले नाही. माझं घरातलं नावच घाई. रस्त्यावर "अतिघाई संकटात नेई" अशी पाटी दिसली की दादा मुद्दाम मोठ्याने वाचायचा.

नोकरी लागल्यावर मी रविवारची घरी यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. जिन्याच्या तोंडाशी चपला घालता घालता "येते हं, बाबा" म्हणायचे आणि धडाधड उतरायचे. बाबा काही म्हणायचे नाहीत. लोकांच्या घरी "ये" म्हणतात, "सांभाळून जा" म्हणतात. आमच्याकडे निरोपाला उत्तर नसतं, असं मी धरून चालले होते. त्याचा थोडा रागही होता माझ्या मनात, अगदी शाळेत जायच्या दिवसांपासूनचा.

मी वेधशाळेत आहे. विश्वात आपल्यासारखे शहाणे किती असतील, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. "याचा पगार देतात?" असं दादाने विचारलं होतं. देतात.

हिशोब ऐकायला सोपा आहे. आकाशगंगेत तारे किती, त्यांतल्या कितींना ग्रह, त्यांतले राहण्याजोगे किती, त्यांतल्या कितींवर जीव निपजला, कितींत अक्कल आली, कितींनी दूरवर ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली, आणि ते किती काळ बोलत राहिले. सगळ्यांचा गुणाकार करायचा. सुरुवातीचे दोन-तीन आकडे आता बरेचसे हाताशी आलेत. बाकीचे म्हणजे अंधारात मारलेले तीर. आपल्याजवळ उदाहरण एकच, आपलं स्वतःचं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण बाकीची शितं त्याच पातेल्यात आहेत हे आपल्याला दिसत असतं. इथे पातेलंच दिसत नाही.

म्हणून आमचा गट उलट्या बाजूने जातो. रेडिओ दुर्बिणीची मोठी तबकडी एका ताऱ्याकडे वळवायची आणि ऐकायचं. एकेका ताऱ्याला दहा मिनिटं. काही ऐकू आलं नाही की पुढचा तारा. इतके हजार तारे ऐकले आणि कोणीच बोललं नाही, तर बोलणारे फार तर इतके असतील, असा वरचा आकडा काढायचा. "कोणी नाही" असं आम्ही कधी लिहीत नाही. "फार तर इतके" एवढंच लिहायचं. हे मी नव्यांना टेबलावर हात आपटून शिकवते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला एक आवाज सापडला होता. रोज तोच तारा, तीच लय. मी संचालकांना जेवणाच्या टेबलावर गाठलं, बातमी वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि आठवड्याभरात कळलं की ती आमच्याच आवारातल्या फाटकाची मोटर होती. पावणेचारला पाळी बदलायची, गाड्या आत यायच्या, फाटक सरकायचं, आणि त्याच सुमारास आमची तबकडी त्या ताऱ्याकडे असायची. हात दाखवून अवलक्षण. तेव्हापासून कामावर मला फाटकबाई म्हणतात. नव्या लोकांना ते माझं आडनाव वाटतं आणि मी दुरुस्त करत नाही.

दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. काय ऐकू आलं म्हणजे "ऐकू आलं" असं मानायचं, हे ऐकायच्या आधी कागदावर लिहायचं, खाली सही करायची, आणि मग त्या कागदाबाहेर बघायचं नाही. नंतर शोधत बसलं की माणसाला हवं ते सापडतंच.

एका रविवारी जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं होतं. "किती असतील, काय वाटतं तुम्हाला?" असंही विचारलं होतं. बाबा जेवत राहिले. सोमवारी दुपारी वेधशाळेत फोन आला.

"एका ताऱ्यापाशी किती थांबता तुम्ही?"

"दहा मिनिटं."

पलीकडे काहीच नाही. मला मीटिंगला जायचं होतं. मी घड्याळाकडे बघत उभी.

"कमी आहे," बाबा म्हणाले. "काटा थांबत नसेल."

"बाबा, ते तारे आहेत हो, तराजू नाहीत," असं म्हणून मी हसले आणि फोन ठेवला. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं का, कोण जाणे.

त्यानंतर दीड वर्षाने बाबा दुकानातच स्टुलावरून कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आमचे बाबा काही परत आले नाहीत. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकातून अन्नाची नळी. डोळे कधी उघडे असायचे, पण आपण पलंगाच्या या बाजूने त्या बाजूला गेलो तरी नजर मागे यायची नाही. मेंदूच्या डॉक्टर रोज सकाळी त्यांच्या तळहातात आपली दोन बोटं द्यायच्या. "आजोबा, माझी बोटं दाबा. दाबा बघू." पाच सेकंद थांबायच्या, कागदावर काहीतरी लिहायच्या, आणि पुढच्या पलंगाकडे जायच्या. त्यांना अजून सतरा पलंग असायचे. मी त्यांना दोष देत नाही.

सहा आठवडे असे गेले. मग छातीत तिसऱ्यांदा जंतुसंसर्ग झाला. आई तर आधीच गेली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"यावेळी दोन रस्ते आहेत. पुन्हा आयसीयूत नेऊन यंत्रावर ठेवायचं, पुन्हा सगळ्या सुया, सगळ्या नळ्या. नाहीतर इथेच ठेवायचं, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि होईल ते होऊ द्यायचं. आत कोणी आहे असं वाटलं असतं तर मी पहिला रस्ता सांगितला असता. मला तसं काही दिसलेलं नाही. शुक्रवारपर्यंत विचार करा."

त्या गेल्यावर दादा बराच वेळ बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "मला दिसलंय."

"काय दिसलंय?"

"मी बोलतो ना त्यांच्याशी, तेव्हा ते बोट हलवतात. लगेच नाही. माझं बोलून होतं, मी डबा आवरायला घेतो, तेव्हा कुठे."

"दादा, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तू दिवसभर बोलतोस. ते दिवसभरात कधीतरी बोट हलवणार. कुठेतरी जुळणारच. मी नाही का फाटकाला तारा समजले?"

"असेल तसंही," तो म्हणाला. दादा कधी भांडत नाही. "मग तू मोज. तुझं कामच आहे ते. तू म्हणशील ते मी मानेन."

त्याने मला मोठेपणा दिला आणि मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून एक लोडसेल घेऊन आला. लोडसेल म्हणजे इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातली बोटाएवढी धातूची पट्टी. तिच्यावर भार पडला की आकडा उमटतो. ती आम्ही एका फळीला बसवली, फळी पलंगाला बांधली आणि बाबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अलगद तिच्यावर ठेवलं. वायर माझ्या लॅपटॉपला. लॅपटॉपचा माइकही चालू, म्हणजे मी नेमकी कधी बोलले ते नोंदलं जाईल. दर मिनिटाला यंत्र चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार: "बोला" किंवा "गप्प". बोला आलं की मी म्हणायचं, "बाबा, बोट दाबा." गप्प आलं की तोंड मिटून बसायचं. दोन्हींत बोट सारखंच हललं, तर ते आपसूक हलतंय. बोलल्यावर जास्त हललं, तर आत कोणीतरी ऐकतंय. रोज वीस वेळा बोलायचं, वीस वेळा गप्प राहायचं. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

सुरू करायच्या आधी मी हॉस्पिटलच्या एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं: पाच ग्रॅमच्या वर दाब म्हणजे होकार. मुदत, बोलल्यापासून दहा सेकंद.

"दहाच?" दादा म्हणाला.

"डॉक्टर पाच थांबतात. धडधाकट माणूस अर्ध्या सेकंदात दाबतो. दहा म्हणजे चंगळ आहे. कुठेतरी रेघ मारावीच लागते, दादा, नाहीतर आपण आपल्याच मनाचं ऐकत बसू."

मी सही केली. साक्षीदार म्हणून त्यानेही केली.

तीन दिवस मी त्या पलंगाशी बसले. "बाबा, बोट दाबा." साठ वेळा. साठ वेळा गप्प. गप्प मिनिटांत मी त्यांच्या नखांकडे बघत बसायचे. दादाने ती नीट कापली होती. शेजारच्या पलंगाशी आलेली एक बाई मला म्हणाली, "अहो, नुसतं बोट दाबा काय, काही गोड बोला ना वडिलांशी." मी तिला सांगितलं की तसं चालत नाही, वाक्य दर वेळी एकच असावं लागतं.

गुरुवारी बाबांना ताप होता. चाळिसावं मिनिट संपलं तेव्हा माझी पाठ मोडली होती. सवयीने "येते हं, बाबा" म्हटलं, सामान आवरलं, वायर काढली आणि लॅपटॉप मिटला.

आकडे त्याच संध्याकाळी काढले. बोलल्यावर दहा सेकंदांच्या आत साठपैकी पाच वेळा दाब. गप्प असताना साठपैकी चार वेळा. पाच आणि चार यांत काही फरक नसतो. बोलाफुलाला गाठ.

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीत मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "प्रतिसाद असल्याचा पुरावा मिळालेला नाही." इथपर्यंत मी बरोबर होते. एवढंच बोलून थांबायला हवं होतं.

दादा म्हणाला, "घाई, मला साध्या भाषेत सांग. आत आहेत का नाहीत?"

चोवीस वर्षं मी जे वाक्य कधी लिहिलं नाही, कोणाला लिहू दिलं नाही, ते मी तिथे बोलले. दादाचा चेहरा बघवत नव्हता म्हणून बोलले. सहा आठवड्यांत तो निम्मा झाला होता, आणि मला वाटलं, त्याच्या डोक्यावरचं ओझं एका शब्दाने उतरतंय तर उतरू दे. आणि मीही दमले होते. मला घरी जायचं होतं. हेही खरं आहे.

"नाहीत," मी म्हणाले.

दादाने डोळे पुसले आणि मान हलवली. बाबांना आयसीयूत नेलं नाही, आहे त्याच पलंगावर ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी ते गेले. दादा जवळ होता, मी बसमध्ये होते.

पाच महिने गेले. माझा लेख छापायला गेला होता. आकाशगंगेत बोलणारे फार तर किती, याचा आमचा नवा आकडा. परीक्षकाचा शेरा आला. परीक्षकाचं नाव आम्हाला कळत नाही, त्यामुळे शिव्याही मोघमच द्याव्या लागतात. शेरा दोन ओळींचा होता: "लेखकांनी पलीकडच्याच्या बोलण्याचा वेग आपल्यासारखा धरला आहे. तो फार संथ असेल, तर दहा मिनिटांत काय ऐकू येणार?"

आला मोठा शहाणा, असं मी मोठ्याने म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते, बाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी उत्तर लिहायला घेतलं. "कुठेतरी रेघ मारावीच लागते" असं लिहिलं, आणि हे वाक्य मी आधी कुठे बोलले होते ते आठवलं. मग फोनवरचे बाबा आठवले. कमी आहे. काटा थांबत नसेल.

मी सगळं बंद केलं आणि बाबांची फाइल उघडली. दर सेकंदाचा दाब तिथे होता, पूर्ण तीन दिवसांचा. मी फक्त पहिल्या दहा सेकंदांतलं वाचलं होतं. उरलेली पन्नास सेकंदं नोंदली होती, पण माझ्या कागदाबाहेर होती, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

आधी फक्त मंगळवार उघडला. बोललेल्या वीस मिनिटांपैकी दहांत, पस्तीस ते पन्नास सेकंदांच्या दरम्यान, दाबाची एक रेघ वर गेलेली. गप्प मिनिटांत दोनदाच. मी स्वतःला म्हटलं, नंतर शोधलं की सापडतंच. म्हणून मी नियमाने गेले. कागदावर "पस्तीस ते पन्नास" लिहिलं, सही केली, आणि मगच बुधवार आणि गुरुवार उघडले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, हे फाटक निघू दे.

बोललेली चाळीस मिनिटं. त्यांतल्या तेविसांत दाब. गप्प चाळिसांत तीन. गुरुवारी जरा कमी होते. ताप होता ना.

मी दोन दिवस कारणं शोधली. हवेच्या गादीचा पंप, सलाइनचं यंत्र, नर्सच्या फेऱ्या. पण बोला आणि गप्प यांची चिठ्ठी यंत्र काढत होतं. मी कधी बोलणार हे पंपाला कसं कळणार? ते एकालाच कळत होतं. ते ऐकत होते, ओठ मिटून घेत होते, आणि साधारण एकेचाळीस सेकंदांनी, जेवढी शिल्लक होती तेवढी सगळी ताकद लावून, बोट दाबत होते. दाब सरासरी अकरा ग्रॅम. तोवर मी पुढच्या मिनिटाची वाट बघत पडद्याकडे वळलेली असायचे.

जन्मापासून ओळखीच्या माणसाला, ज्याला चहाचं विचारलं तर चहा संपल्यावर उत्तर यायचं, त्याला मी दहा सेकंद दिले. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या माणसाला मी दहा सेकंद दिले असते तर ती चूक म्हणता आली असती.

आणि त्यांचं काय झालं असेल, हे मनात येतं. मी "बोट दाबा" म्हणते, ते दाबतात. मी पुन्हा म्हणते, बोट दाबा. ते पुन्हा दाबतात. मुलीला कळत कसं नाही, असं वाटलं असेल का त्यांना? तेहतीस वेळा. मग मुलगी यायचीच बंद झाली.

शनिवारी मी दादाकडे गेले. सांगायचं की नाही, यावर बसमध्ये दोन तास घालवले. तो दुकानात होता. समोर काचेच्या पेटीतला तराजू होता आणि चिमट्यात एक बारकं पितळी वजन. मला बघून त्याने नुसती मान हलवली, वजन पारड्यात ठेवलं, हात मागे घेतले. मी उंबऱ्यात उभी राहिले. काटा थांबल्यावर त्याने आकडा लिहून घेतला आणि मग म्हणाला, "आज कशी? काल फोन नाही केलास."

मी सांगितलं. कागद दाखवले. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल, पण काट्याच्या रेघा त्याला माझ्यापेक्षा चांगल्या वाचता येतात. मंगळवारचा कागद बघितला, बुधवारचा बघितला. गुरुवारचा हातात घेऊन तसाच बसला.

"कशाला सांगितलंस मला हे?" तो म्हणाला. "झोप लागायला लागली होती मला. भास होते म्हणून सोडून दिलं होतं मी."

"भास नव्हते, दादा. तुला दिसलं होतं ते खरं होतं. हे तुझं होतं, ते मी ठेवून घेऊ शकले नाही."

तो उठला, आतल्या नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसला. मी वाट बघत होते की आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. रस्त्यावरून एक गाडी गेली, पेटीतलं पारडं जरासं थरथरलं. मी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही, घड्याळही बघितलं नाही.

"दहा सेकंदांवर माझीही सही आहे," दादा शेवटी म्हणाला. "मला माहीत होतं ते किती वेळ घेतात. मी म्हटलं, ही शिकलेली आहे."

मी रडायला लागले. त्याने रडू दिलं.

मग त्याने विचारलं, "शेवटच्या दिवशी निघताना काय म्हणालीस त्यांना?"

"येते हं, बाबा, असं म्हणाले."

"ते यात आहे?"

"आवाज आहे. मी ऐकला."

"मग पुढे? त्याच्या पुढे काय आहे?"

"काही नाही. मी वायर काढली."

"किती वेळाने?"

मला तो आकडा पाठ होता. आठ दिवस मी दुसरं काही मोजलं नव्हतं. "एकोणीस सेकंदांनी."

दादाने पारड्यातलं वजन चिमट्याने उचललं, डबीतल्या त्याच्या खाचेत ठेवलं, डबी बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते 'ये' म्हणायचे."

"कधी?"

"दर रविवारी. तू 'येते' म्हणून जिना उतरायचीस, फाटकाबाहेर पडायचीस, आणि मग ते म्हणायचे, 'ये.' आई हसायची, आता कोणाला सांगताय म्हणून. मला वाटायचं, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं.

दादाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं, बाबांचं. पाचची बस होती. मी बसून राहिले.